टाळणे-पंचक सुटलं, एक गाठ सोडून

अव्हॉइड, अव्हर्ट, इव्हेड, इल्यूड, शन: 'टाळणे' अर्थाचे पाच इंग्रजी शब्द. मागच्या नोंदींत ज्यांच्या नावानं खडे फोडले, ती अँकीतली (कार्डांवरून शब्द पाठ करायचं अ‍ॅप) पाचही कार्डं एकदाची लीचच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा विसरल्या जाणाऱ्या कार्डांच्या, यादीतून बाहेर आली.

दुखणं वेळापत्रकात नव्हतं, हे आधी सांगतो. २०२३ मध्ये अँकीत एफएसआरएस (कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणारी नवी पद्धत) आलं तेव्हापासून जो तो 'ते चालू कर, सगळं सुटेल' म्हणतोय. चालू होतंच. पण पाच कार्डांच्या पाठीवर 'टाळणे' हे एकच उत्तर असेल, तर कार्ड कितव्या दिवशी दाखवायचं ते कितीही नेमकं काढून काय उपयोग? तयार डेक (कार्डांचा संच) बनवणाऱ्यानं शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून चिकटवलाय, आणि पाचही शब्द एकापाठोपाठ ठेवलेत. जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकत्र शिकले की एकमेकांत मिसळतात, हे संशोधक १९९० च्या दशकापासून सांगताहेत. तयार डेकांवरचा माझा विश्वास उडालाय, फुकट असले तरी.

सगळ्यात छळलं इल्यूडनं. तिथं 'टाळणे' धरलं की कर्ताच उलटतो. 'स्लीप इल्यूडेड मी' म्हणजे मी झोप टाळली असं नव्हे. झोपेनंच मला हुलकावणी दिली. ही हुलकावणी सुचली आणि कुलूप उघडलं. पाऊस सोलापूरला हुलकावणी देतो, हे तर आपण दर पावसाळ्यात बोलतो! तिथं कर्ता पाऊसच असतो, इंग्रजीसारखाच.

मग बाकीच्यांच्या मागे लागलो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर आहे. तिथं पूर्ण मजकुरात शोध घेता येतो, म्हणजे इंग्रजी शब्द टाकून मराठी नोंदी काढता येतात. भाषा जुनाट आहे, पण चमकदार नव्या अ‍ॅपांपेक्षा मला हीच खाण जास्त आवडते. आता कार्डांच्या पाठीवर असं आहे: इव्हेड म्हणजे चुकवणे, तेही लबाडीनं: कर, प्रश्न, अटक. (कायद्यात बसवून कर वाचवला तर ते अव्हॉइड, लपवून बुडवला तर इव्हेड. हा फरक कार्डावर हवाच.) शन म्हणजे वाऱ्यालाही उभं न राहणं. अव्हर्टला संकटच लागतं: उजनीतून वेळेवर पाणी सुटलं आणि टंचाई टळली. साध्या अव्हॉइडला गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानाकडचा रस्ता दिलाय, आणि त्याच्यापुढे क्रियापद आलं तर ते आयएनजीवालं, 'टू' चालत नाही, अशी तळटीप.

उरलेली गाठ नजरेची. 'अव्हर्ट युवर आइज' आलं की मनात 'नजर चुकवणे' येतं आणि बोट थेट इव्हेडवर जातं. सध्या तिथं 'नजर दुसरीकडे वळवणे' लिहून ठेवलंय. काम भागतं, पण मजा नाही.

आता पुढचा गट 'परवानगी देणे' घेणार होतो: अलाउ, परमिट, लेट, ग्रँट.  पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं. टाळणेचे पाचही शब्द पाच नोटांत (नोट म्हणजे अँकीतली मूळ नोंद, तिच्यातून कार्डं बनतात) ठेवण्याऐवजी एकाच नोटच्या पाच फील्डांत, म्हणजे रकान्यांत, ठेवले तर? प्रत्येकाचं कार्ड वेगळ्या टेम्पलेटवर, म्हणजे कार्डाच्या साच्यावर. मग ती एकमेकांची सिब्लिंग (एकाच नोटची भावंडं) होतात, आणि 'बरी सिब्लिंग्ज' (bury siblings, भावंडांना त्या दिवसापुरतं झाकून ठेवणारी सोय) चालू ठेवलं की एका दिवशी एकच समोर येतं. मिसळण्याचा प्रश्न मुळातूनच कमी! क्लोझनं (रिकाम्या जागा भरा पद्धतीच्या कार्डानं) हे जमणार नाही, कारण एक शब्द झाकला तरी बाकीचे चार उघडे दिसतात आणि उत्तर वजाबाकीनं निघतं.

तेव्हा परवानगीवाले थांबतील. आधी टाळणे-पंचक या साच्यात ओततो. जुन्या रिव्ह्यूंचा इतिहास जाईल, जाऊ दे. कुणी असा नोट टाइप आधीच बनवला असेल तर टेम्पलेट टाका, रविवारच्या आत मिळालं तर उत्तम.