‘पडणारच आहेत’ म्हटलेल्या दाढा

“दुधाचेच दात ना, पडणारच आहेत.” हे वाक्य माझं. सुनेने दोनदा माझ्या नातवाच्या, छोटूच्या दातांचा विषय काढला, दोन्ही वेळा मी हेच उत्तर दिलं. मुलगा-सून दोघंही हिंजवडीला नोकरीला, सकाळी निघतात ते रात्रीच उगवतात, त्यामुळे पुण्यातल्या सहकारनगरच्या घरात दिवसभर छोटू आणि मी. झोपताना साखर घातलेलं दूध, त्यात बुडवलेली दोन बिस्किटं आणि तसंच झोपायचं, ही सवयही मीच लावलेली. माझ्यासारखं नातवंडं सांभाळणाऱ्यांनी वाचावं म्हणून लिहितेय.

छोटू तेव्हा साडेपाच वर्षांचा होता. नवरात्रात एका रात्री दोन वाजता तो गाल धरून रडत उठला. डाव्या बाजूची खालची शेवटची दाढ किडली होती. जवळच्या दवाखान्यात चांदी भरून घेतली. पंधरा दिवसांत पोळी खाताना ती निघाली. पुन्हा भरली, पुन्हा निघाली. या गडबडीत उजव्या बाजूला हिरडीवर तांदळाएवढी पांढरी पुळी आली होती. ती दुखत नव्हती म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. वसुबारसेच्या दिवशी उजवा गाल टम्म सुजला आणि ताप चढला.

मुलांच्या दातांचे वेगळे डॉक्टर असतात, हे मला तेव्हा शेजारणीकडून कळलं. बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पदवी झाल्यावर आणखी तीन वर्षं फक्त मुलांचे दात शिकलेले. ती तिच्या मुलीला धनकवडीत भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात नेत असे, तिथे मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. आम्ही टिळक रोडजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी एक्स-रे काढून मला खुर्चीशेजारी बसवलं. दुधाच्या दातांचं वरचं कवच पातळ असतं, त्यामुळे कीड आतल्या नसेला लवकर गाठते. झोपेतून उठवणारं दुखणं ही नस सुजल्याची खूण, आणि पुळी म्हणजे मुळाशी पू. पुळीतून पू वाहून जातो म्हणून दुखत नाही, पण दाढ बरी झालेली नसते. उजवीकडची पहिली दाढ मुळाशी इतकी खराब होती की काढावीच लागणार होती. डावीकडची वाचण्यासारखी होती.

मी विचारलं, “काढली तर काय बिघडतं? नवी येईलच की.”

“आजी, एस्टीत आपण सीटवर रुमाल टाकतो ना? दुधाची दाढ म्हणजे तो रुमाल,” बाई म्हणाल्या. “समोरचे दात सहा-सात वर्षांचा असताना पडतील, पण या दाढा नऊ ते बारापर्यंत राहायला हव्यात. सहाव्या वर्षी मागून पक्की दाढ येते आणि ती पुढे ढकलते. मध्ये जागा रिकामी दिसली की सरकते. मग खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही, तो वाकडा येतो नाहीतर अडकतो.”

मला गप्प बसावं लागलं.

सूज औषधांनी उतरल्यावर आधी डावी दाढ घेतली. बाईंनी सुई हा शब्दच काढला नाही. “दाढेला झोपवायचं औषध” म्हणाल्या, पाणी ओढणारी नळी म्हणजे हत्तीची सोंड. प्रत्येक वस्तू आधी त्याच्या बोटावर लावून दाखवली. मी मध्ये “दुखणार नाही हं” म्हणाले तर मला खुणेने थांबवलं. दुखणं हा शब्दच मुलाच्या कानावर नको.

नसेची घाण काढून आत औषध भरलं, आणि वर स्टीलची कॅप. ही कॅप मोठ्यांसारखी मापं घेऊन बनवून आणावी लागत नाही. डबीत वेगवेगळ्या आकारांच्या तयार टोप्या असतात. दाढ चहूबाजूंनी थोडी घासून दोन-तीन टोप्या घालून बघितल्या, बसणारी सिमेंट लावून दाबली आणि कापसाच्या बोळ्यावर चावायला लावलं. चांदी दोनदा का निघाली तेही तिथेच उमगलं. कीड दोन दाढांच्या मधल्या फटीत होती, भिंतच उरली नव्हती तर भरलेलं टिकणार कशावर? टोपी पूर्ण दाढेला धरते, आणि दाढ पडायच्या वेळी तिच्याबरोबर पडते.

दातासारखी पांढरी, झिरकोनिया नावाच्या सिरॅमिकची टोपी पण मिळते. सुनेला ती हवी होती. तिच्यासाठी दाढ जास्त घासावी लागते आणि खर्चही बराच जास्त, म्हणून मागच्या दाढेला स्टीलच ठरवलं. स्टीलमध्ये निकेल असतं आणि ते काहींना सोसत नाही, म्हणून बाईंनी आधीच विचारून घेतलं, खोट्या दागिन्यांची किंवा पट्ट्याच्या बक्कलची छोटूला खाज येते का. येत नव्हती.

घरी येताना खरी राखण माझी होती. बधिर झालेला ओठ मुलं गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी फोड येतो. दोन-तीन तास मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते, जेवणही नंतर दिलं. चार-पाच दिवस “आजी, टोपी आधी लागते” म्हणत होता, मग चावणं आपोआप जुळलं.

पुढच्या खेपेला उजवी दाढ काढली. जखम भरल्यावर तिथे स्पेस मेंटेनर, म्हणजे रिकामी जागा राखून ठेवणारी तार बसवायची होती: मागच्या दाढेला स्टीलचा पट्टा आणि त्यातून निघालेली तारेची कमान, जी पुढच्या सुळ्याला टेकते. याचं माप मात्र घ्यावं लागतं. गुलाबी लगदा तोंडात गेल्यावर त्याला उमासे आले. बाईंनी त्याला नाकाने श्वास घेत पायाची बोटं मोजायला लावली, दहापर्यंत पोचेतो माप झालंसुद्धा. आठवड्याने तार बसली.

संक्रांतीला घात झाला. मी दरवर्षी चिक्कीच्या गुळाचे लाडू करते, कडक. चिक्की, टॉफी, च्युइंग गम नको असं बाईंनी बजावलं होतं, पण तिळगूळ चिक्कीतच जमा होतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. लाडू चावला आणि पट्टा सुटून हलू लागला. नशीब, गिळला नाही. तो काढून, साफ करून त्यांनी पुन्हा सिमेंटने बसवला. त्यानंतर साध्या गुळाची मऊ वडी केली, आणि पाडव्याची साखरेची गाठी गुढीवरून उतरली ती त्याच्या हातात दिली नाही.

आता दात मी घासते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ते नीट साधत नाही. पूर्वीच्या स्ट्रॉबेरीच्या पेस्टमध्ये किडीपासून वाचवणारं फ्लोराइडच नव्हतं. आता हजार पीपीएम (फ्लोराइडचं प्रमाण, ट्यूबवर लिहिलेलं असतं) असलेली, वाटाण्याएवढी, थुंकायची पण खळखळून चूळ भरायची नाही. दूध बिनसाखरेचं, जेवणाबरोबर. ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. पहिले आठ दिवस तो रडला, मीही कठोर झाले. दर सहा महिन्यांनी तार तपासायची आणि फ्लोराइडचा लेप लावायचा. खालचा पक्का दात वर येताना दिसला की तार निघेल, तो दहाव्या-अकराव्या वर्षी.

स्टीलच्या दाढेमागे नवी पक्की दाढ येते का, यावरही माझा डोळा आहे. तिच्या जागी कुठलाही दुधाचा दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती आली हेच कळत नाही आणि दुधाचीच समजून ती किडू दिली जाते. पूर्ण वर आली की तिच्या खाचांवर सीलंट, म्हणजे कीड शिरू नये म्हणून खाचा बुजवणारा लेप भरायचं ठरलंय. काल रात्री टॉर्च मारून बघितलं तर हिरडीतून दोन पांढरी टोकं वर आली आहेत. सोमवारी बाईंना फोन करते.