ट्रिंकोला उतरायचं की नाही

"अहो, आम्ही एमएच-१२ ची गाडी घेऊन बेळगावात जात नाही, इथं श्रीलंकेत कुठं उतरताय?"

सकाळचे सात वाजले होते. जहाजाच्या नाश्त्याच्या हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर पुण्याचे एक काका हे बोलले आणि माझा घास हातातच राहिला. काचेबाहेर त्रिंकोमालीच्या, म्हणजे ट्रिंकोच्या, हिरव्या टेकड्या जवळ येत होत्या. काकांच्या पाठीमागे बसलेले आम्ही अकराच्या अकरा जण बेळगावचे आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. आईनं ते ऐकलं. कप बशीत ठेवून तिनं मला हळूच विचारलं, "आपल्या गावाला काय झालंय ग?"

त्या प्रश्नासाठी हे लिहायला बसले. बाकीचा प्रवास म्हणजे राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूर, तिथून चेन्नई आणि चेन्नई बंदरातून जहाज. वाटेतल्या हंबनटोटा बंदरात ऊन फार होतं, एवढंच आठवतं.

ही २०२३ च्या अधिक श्रावणातली गोष्ट. आई दर सोमवारी कपिलेश्वराला जाणारी. त्रिंकोमालीत समुद्राच्या कड्यावर कोणेश्वर म्हणून शंकराचं जुनं देऊळ आहे असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. सफरीसाठी ती तयार झाली ती त्या देवळासाठी, जहाजाचं तिला काही नव्हतं. निघताना हिंडलग्याचे मामा स्टेशनवर आले होते. मामा आईचे धाकटे भाऊ, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी बंदरांची नावं सांगितली, तर ते फक्त "ट्रिंको?" म्हणाले आणि आईची बॅग उचलून डब्यात ठेवली. १९८७ मध्ये भारतीय शांतिसेनेबरोबर ते श्रीलंकेत गेले होते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिथं काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

जहाजावर आदल्या रात्रीच भीतीनं घर केलं होतं. आमच्या ग्रुपवर एकामागून एक व्हिडिओ येत होते. २०१९ च्या ईस्टरला चर्च आणि हॉटेलांत झालेले स्फोट, जुलै २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात घुसलेली माणसं, पेट्रोलच्या रांगा, आणि अगदी जुने, युद्धातले फोटो. तिथलं यादवी युद्ध २००९ मध्ये संपलं. पण फोटोखाली तारीख नसते. पाठवणाऱ्यांपैकी कुणी कधी त्रिंकोमालीला गेलेलं नव्हतं.

संध्याकाळी जहाजावर माहिती देतात, तिथंही गेले होते. साडेपाचला सगळ्यांनी परत यायचं, साडेसहाला जहाज सुटणार. जहाजाच्या बसनं गेलात आणि बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपापलं गेलात आणि उशीर झाला तर थांबत नाही, पुढचं बंदर स्वखर्चानं गाठायचं. जहाजाचं कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स आणि बंदरातल्या एजंटचा नंबर जवळ ठेवायचा. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "उतरणं सेफ आहे ना?" ती म्हणाली, "मॅडम, धोका नाहीच असं आम्ही कुठल्याच बंदराबद्दल सांगत नाही." उत्तर खरं होतं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे मीच आईला म्हटलं होतं, "राहू दे, डेकवरून नमस्कार कर."

आणि मग सात वाजता ते वाक्य.

हे वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकत नव्हतो. डिसेंबर २०२२ मध्ये धाकट्या भावाचा साखरपुडा होता. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरायच्या दिवसांत सीमाप्रश्न दरवर्षी तापतो, त्या वर्षी जास्तच तापला. ६ डिसेंबरला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. दोन्हीकडच्या एसट्या बंद झाल्या. पुण्याची आत्या फोनवर रडकुंडीला आली, "येऊ की नको?" शेवटी ती सीमेअलीकडच्या कागलपर्यंत आली आणि भाऊ आपली केए-२२ गाडी घेऊन कोगनोळीच्या पुढं जाऊन तिला घेऊन आला. गाडीत ती नातवंडांना सांगत होती, "गप्प बसा, मराठी बोलू नका." शहापुरात येऊन दारात उतरली तेव्हा समोरची भाजीवाली आमच्याशी मराठीत आणि शेजारणीशी कन्नडात भाव करत होती. आत्या दोन दिवस राहिली, पण उंबऱ्याबाहेर पडली नाही. कुंदा ही आमच्या गावची मिठाई, तीही भावानं घरीच आणून दिली.

दगड पडले नाहीत असं मी म्हणत नाही. काचा फुटल्या, त्या फोडणाऱ्यांचा राग मला आजही आहे. बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं त्या १ नोव्हेंबर १९५६ पासूनचं हे दुखणं आहे आणि खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आम्ही ते रोज अंगावर वागवतो. खरं दुखतं ते वेगळंच. आमच्या गावाचं नाव निघालं की लोकांना फक्त टोलनाका दिसतो. त्या टोलनाक्यापलीकडे पाच-सहा लाख माणसं सकाळी उठून दूध आणतात, पोरांना शाळेत सोडतात, हे कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. आणि इथं मी काय करत होते? त्रिंकोमालीत सकाळी कोण दूध आणतं ते न बघता, दुसऱ्यांच्या मोबाइलवरून त्या गावाचा निकाल लावत होते.

मी उठून काकांच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "काका, आम्ही बेळगावचे. खडेबाजारात या कधी, गाडी घेऊन या. माझ्या घरासमोर लावा." ते गडबडले. "तसं नव्हतं हो म्हणायचं. नातू सहा वर्षांचा आहे, हिचे गुडघे दुखतात, काही झालं तर पळणार कुठं?" त्यांचा नातू खरंच शेजारी दूध पीत बसला होता. त्यांच्या काळजीला मी काय बोलणार? सहा वर्षांचं पोर घेऊन मीही कदाचित उतरले नसते. मी एवढंच म्हटलं, "मग पोरासाठी उतरू नका. खरं आमच्या गावामुळं नको."

आमच्यातले सहा जण जहाजावरच राहिले. आम्ही पाच उतरलो.

धक्क्याच्या फाटकाबाहेर थ्री-व्हीलर उभ्या होत्या, तिथं रिक्षाला हाच शब्द. सगळ्या धुवून पुसून चकचकीत केलेल्या. पंधरा-वीस तरी असतील. एवढं मोठं जहाज आलंय म्हणून माणसं पहाटेपासून थांबली होती, आणि फाटकातून तुरळक लोक बाहेर येत होते, त्यातलेही बरेच थेट जहाजाच्या बसकडे वळत होते. एक म्हातारा चालक प्रत्येक बसकडे मान वळवून बघायचा आणि पुन्हा फडक्यानं आपली काच पुसायचा. एसट्या बंद असताना आमच्या बसस्टँडवरचे कुंदेवाले असेच बसलेले असतात, पेढ्यांवरची माशी हाकलत, रिकाम्या फलाटाकडे बघत. मला त्या काचेकडे बघवेना. आम्ही त्याच्याकडेच गेलो.

भाडं वहीत लिहून ठरवलं, थांबण्यासकट श्रीलंकेचे अडीच हजार रुपये. तेव्हा आपला एक म्हणजे तिथले पावणेचार-चार. आम्ही पाच, म्हणून त्यानं मागच्या भाच्यालाही बोलावलं आणि दोन गाड्या झाल्या. काचेच्या कोपऱ्यात क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला होता. पेट्रोल तेव्हाही रेशनवर होतं, त्या कोडवर आठवड्याचं मोजून मिळायचं.

त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याच्यापुढं फार नाही. आईला तर येतच नाही. आई मराठी शाळेत शिकली, पण शहापूर-वडगावच्या विणकर शेजारणींबरोबर आयुष्य गेल्यामुळं कन्नड बोलते. तिनं सरळ विचारलं, "निम्म ऊरु?" चालकानं आरशात बघितलं आणि हसला. "ऊर्! ट्रिंको, ट्रिंको." गाव या शब्दानं दोघांचं जमलं. पुढं वाटेत एक हारवाली दिसली. आई म्हणाली, "हूवु." तो म्हणाला, "पू." दुधाच्या किटल्यांची सायकल गेली. आई म्हणाली, "हालु", तो म्हणाला, "पाल." त्यानं स्वतःचा दात दाखवून "पल्" म्हटलं, आईनं "हल्लु" म्हटलं. कन्नडातला ह त्याच्या तमिळमध्ये प होतो, एवढं दोघांनीही मिळून शोधून काढलं. आई लहान मुलीसारखी खूश. ज्या भाषेवरून आमच्या गावात दगड उचलले जातात, त्या भाषेच्या जोरावर माझी मराठी आई परक्या देशात तासभर गप्पा मारत होती. मी मागं बसून ऐकत होते. घसा दाटून आला होता.

रस्त्यावरच्या पाट्या तीन भाषांत. वर सिंहली, मग तमिळ, खाली इंग्रजी. मी पाटीकडे बोट दाखवलं तर चालक थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, त्याच्या वडलांना पोस्टातला फॉर्म भरता यायचा नाही, सगळं सिंहलीत असायचं. तिथं सिंहली हीच एकमेव राजभाषा करणारा कायदा १९५६ चा. तमिळला राजभाषेचा दर्जा मिळायला १९८७ उजाडलं. आमचे बाबा येळ्ळूरच्या शेताचा उतारा हातात घेऊन शेजारच्या पोराकडे जायचे, वाचून घ्यायला. उतारा कन्नडात. साल तेच, १९५६. हे त्याला सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. मी फक्त "माय फादर, सेम" म्हटलं. त्यानं मान हलवली. कळलं असावं.

देवळाचा रस्ता फ्रेडरिक किल्ल्यातून वर जातो. आत अजूनही लष्कर आहे. दारात बंदूकधारी शिपाई दिसला तशी मावशीनं माझा दंड धरला. शिपायानं आमच्याकडे बघितलंही नाही. पुढं वळणावर ठिपक्यांची हरणं रस्त्यात निवांत उभी, रिक्षाला वाट देईनात. पोर्तुगिजांनी १६२० च्या दशकात जुनं देऊळ पाडून त्याचेच दगड या किल्ल्याला वापरले. आज दिसतं ते देऊळ मागाहून उभं राहिलेलं. कड्याच्या टोकाला गेलं की खाली एकदम समुद्र. निळा इतका गडद की आधी मला सावली वाटली. कड्यावरच्या झाडाला नवसाचे छोटे लाकडी पाळणे बांधलेले, वाऱ्यानं सगळे एकदम हलत होते. आईनं घरून आणलेलं बेलाचं पान पदराच्या गाठीतून काढलं. पाच दिवसांत ते वाळून करकरीत झालं होतं, एक कोपरा मोडला होता. तिथल्या पुजाऱ्यानं ते तसंच घेतलं आणि वाहिलं.

आम्ही तीनलाच परत आलो. घाईघाईत, कारण जहाज सुटण्याची धास्ती मनातून जात नव्हती. चालकानं आईला खाली उतरताना हात दिला. "अम्मा, पू, हू," म्हणाला.

जहाज सुटलं तेव्हा मी डेकवर होते. अंधार पडत होता. खाडीच्या कडेनं एकेक दिवा लागत गेला. दुकानांच्या ट्यूबा, रस्त्यावरून हळूहळू सरकणारे रिक्षांचे पिवळे दिवे, आणि कुठंतरी लाउडस्पीकरवर गाणं. मी बराच वेळ बघत उभी राहिले.

बेळगावला परतल्यावर तिसऱ्या दिवशी मामा आले. आईनं चहा आणि कोणेश्वराचा अंगारा दिला. त्यांनी अंगारा कपाळाला लावला आणि बराच वेळ कपाकडे बघत बसले. मग म्हणाले, "आमी परत आलो ते ट्रिंकोतनंच. नव्वदच्या मार्चात, जहाजानं." आई थांबली. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा ते हे बोलत होते. मग माझ्याकडे वळून विचारलं, "दिवे लागल्यावर दुकानं उघडी असत्यात काय ग तिथं? लोक रस्त्यावर असत्यात?"

"असतात मामा," मी म्हटलं. "मी डेकवरून बघितलं. रिक्षा चालू होत्या. गाणं लागलं होतं."

"व्हय?" म्हणाले. मग चहा प्यायले.