चेहरा नसलेले आत्मचित्र

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गाला मी चित्रकलेच्या तासाला एक विषय दिला होता. स्वतःचे चित्र काढायचे, पण त्यात चेहरा काढायचा नाही. वर्ग थोडा वेळ गोंधळला. मागच्या बाकावरून एकाने विचारलेही, "बाई, तोंडच काढलं नाही तर ते मी हाय म्हणून कसं कळणार की?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते, म्हणून "काढून तर बघ" एवढेच म्हणून मी वेळ मारून नेली. तासाच्या शेवटी त्याच मुलाने आपल्या घराचे कौलारू छप्पर आतून काढून दाखवले. सगळी कौले काळपट होती, मधोमध एक काचेचे कौल होते आणि त्यातून जमिनीवर पडलेला उजेडाचा चौकोन तेवढा त्याने कोरा ठेवला होता. आतल्या गावातून येणाऱ्या एका मुलीने भाताची लावणी काढली होती. पाऊस, चिखल आणि पाठीवर इरले घेऊन वाकलेले कुणीतरी. माणूस दिसतच नव्हता, दिसत होते ते फक्त इरले. "ही मीच," ती म्हणाली आणि कागद माझ्या हातात देऊन निघून गेली.

त्या दिवशी घरी आल्यावर मला स्वतःची जराशी लाज वाटली, कारण जे काम मी मुलांना पाऊण तासात करायला लावले होते ते मी स्वतः कधीच केले नव्हते. माझे शिक्षण हुबेहूब चित्र काढण्याचे झाले आहे. बेळगावच्या चित्रकलेत व्यक्तिचित्राची आणि निसर्गचित्राची परंपरा भक्कम आहे. के. बी. कुलकर्णी यांनी इथे पिढ्या घडवल्या, रवी परांजपे यांच्यासारखा चित्रकार त्यांच्या हाताखाली तयार झाला, आणि आमच्यासारख्या पुढच्या सामान्य विद्यार्थ्यांपर्यंत त्या शिस्तीचा काही अंश पाझरत आला. एक डोळा मिटून, हात ताणून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत नाक आणि हनुवटीतले अंतर मोजायचे हे आमचे पहिले धडे. त्या शिस्तीविषयी मला आजही आदरच आहे आणि आजकाल "मी अमूर्त काढतो" असे म्हणून ती टाळणाऱ्यांविषयी फारसा नाही. पण नाक, डोळे आणि हनुवटी बिनचूक उतरली म्हणजे माणूस उतरला, असे समजण्याची एक सवय तिने आम्हांला लावली. आरशासमोर बसून मी स्वतःची जी दोन-तीन चित्रे आजवर केली, ती पाहून नातेवाईक "अगदी तूच" म्हणतात आणि मला मात्र ती आधार कार्डावरच्या छायाचित्राची थोडी बरी आवृत्ती वाटतात.

वास्तविक चेहऱ्यावाचून माणूस उभा करण्याची कला आमच्या घरात दर वर्षी डोळ्यांसमोर घडते. आमच्याकडे भाद्रपदात गौर येते ती तेरड्याची. अनुराधा नक्षत्रावर तिचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. लहानपणी आम्ही मुली पाणवठ्याकाठचा तेरडा मुळासकट उपटून आणत असू. तेरड्याचा देठ पाणीदार, जवळजवळ आरपार दिसणारा असतो, पेरांशी फुगलेला, आणि मुळे धुतली की ती तांबूस गुलाबी दिसतात. ती मुळे म्हणजे गौरीची पावले. आज्जी उंबऱ्याच्या आत उभी राहून विचारायची, "गौर कशाच्या पावलांनी आली?" आणि आम्ही बाहेरून ओरडायचो, "सोन्याच्या पावलांनी आली." मग त्या जुडीला साडी नेसवली जाई, वर मुखवटा बसे, गळ्यात डोरले येई, आणि रस्त्याच्या कडेला कुणी ढुंकूनही न पाहिलेले तण घरची लेक होऊन पाटावर बसे. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण आम्हांला शब्दशः दिसायची. तिसऱ्या दिवशी आतली रोपे माना टाकत, निऱ्या सैल होत, मुखवटा किंचित एका बाजूला कलंडे, आणि आज्जी म्हणे, "बघ, जायचं म्हणून रुसली." मुखवटा पितळेचा होता, तो कधी बदलला नाही. रुसत होते ते गवत.

इटालियन चित्रकार आर्चिंबोल्दो याने 1591 च्या सुमारास सम्राट दुसरा रुडॉल्फ याचे चित्र फळे, भाज्या आणि फुले रचून केले. ते छापील पुस्तकात प्रथम पाहिले तेव्हा मला गौरच आठवली. पण ते चित्र मला फार वेळ धरून ठेवू शकले नाही. नाशपातीचे नाक आणि शेंगांच्या पापण्या ओळखून झाल्या की कोडे सुटते. गौरीत ओळखण्यासारखे काही नसते, तरी पाठ फिरवून बसलेल्या बाईजवळून आपण जसे सांभाळून जातो तसे तिच्याजवळून जातो.

माझ्या चित्राची सुरुवात मात्र गौरीपासून झाली नाही, स्वप्नापासून झाली. खानापूर तालुक्यातल्या आजोळच्या घराचे परसू, फणसाखाली पाणी भरलेले, आणि ते पाणी एकाच वेळी पूर्वेलाही वाहत आहे आणि पश्चिमेलाही. आज्जी मागल्या दारात बसलेली. तिने माझ्याकडे पाहून विचारले, "ऊटा आतेनु?" म्हणजे जेवण झाले का. बस, एवढेच स्वप्न. जाग आल्यावर मी कितीतरी वेळ त्या दोन शब्दांपाशीच अडून राहिले, कारण माझ्या आठवणीतली आज्जी मराठीखेरीज एक अक्षर बोलत नसे.

दोन दिशांना वाहणाऱ्या पाण्याचे तेवढे नवल वाटले नाही. आमच्या तालुक्याची भूमीच तशी आहे. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे जाऊन कूडलसंगमाजवळ कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते, तर याच तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई गोव्यात उतरून अरबी समुद्राला मिळते. एकाच ढगाचा पाऊस एका उताराने इकडे जातो, दुसऱ्या उताराने तिकडे. पण भाषेचा प्रश्न तसा सोपा नव्हता. 1956 मध्ये राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले, तेव्हापासून इथल्या मराठी घरांत भाषा ही नुसती बोलायची गोष्ट राहिलेली नाही. माझे नाव शाळेच्या दाखल्यावर कन्नडात आहे, लग्नपत्रिकेवर मराठीत होते, बँकेत इंग्रजीत आहे, आणि तिन्ही ठिकाणी त्याचा उच्चार थोडा थोडा वेगळा होतो. अशा घरातल्या बाईला स्वप्नात तिची आज्जी कन्नडात जेवण विचारते, तेव्हा नेमके कोण कोणाशी बोलत असते?

हे चित्रात कसे आणायचे, यावर मी कितीतरी दिवस अडखळत होते. स्वप्न म्हटले की वितळती घड्याळे, तरंगते दगड आणि आकाशात उघडणारी दारे डोळ्यांसमोर येतात. स्पॅनिश चित्रकार दालीने घड्याळे 1931 मध्ये वितळवली, ते ठीक झाले, पण तेव्हापासून स्वप्नाचाही एक गणवेश ठरून गेला आहे. माझी स्वप्ने तरी तशी नसतात. त्यांत परसू परसासारखेच असते, फणस फणसासारखा, आणि एखादीच गोष्ट चुकलेली असते. मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो मला म्हणूनच जवळची वाटते. अतिवास्तववाद्यांनी, म्हणजे दालीसारख्या स्वप्ने रंगवणाऱ्या चित्रकारांनी, तिला आपल्यात ओढले, तरी आपण स्वप्ने रंगवत नाही, स्वतःचे वास्तव रंगवतो, असे ती सांगत राहिली. 1943 साली केलेल्या 'मुळे' या चित्रात ती ओसाड, भेगाळलेल्या भुईवर कोपर टेकून पहुडली आहे, तिच्या उघड्या छातीतून वेल निघून जमिनीवर पसरला आहे आणि पानांच्या शिरा पुढे लाल होऊन मातीत उतरतात. तिचा चेहरा मात्र शांत आहे. वेल उगवणे हे तिथे आश्चर्य म्हणून येत नाही, केस वाढावेत तितक्या साधेपणाने येते.

आना मेंदिएता या कलावंतीणीने तर चेहराच काढून टाकला. ती क्यूबात हवाना येथे जन्मली आणि 1961 साली, बारा वर्षांची असताना, बहिणीसह आईवडिलांवाचून अमेरिकेत पाठवली गेली. आयोवात परक्यांच्या घरी तिचे बालपण सरले. 1973 मध्ये मेक्सिकोतील यागुल येथे एका प्राचीन उघड्या थडग्यात ती झोपली आणि तिच्या अंगावरून पांढरी फुले उगवल्यासारखी पसरली. पुढे 1980 पर्यंत ती चिखलात, गवतात, वाळूत, बर्फात आपल्या शरीराची आकृती उमटवत राहिली, कधी त्यात फुले भरत, कधी ती पेटवून देत. लाटांनी, पावसाने त्या आकृत्या पुसल्या, आता छायाचित्रे आणि चित्रफिती तेवढ्या उरल्या आहेत. आपला देश गमावलेली मुलगी जिथे जाईल तिथल्या मातीत मापाएवढा खड्डा करून आडवी होते, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. माझे काही गमावलेले नाही, हेही इथे सांगायला हवे. मी जन्मले त्याच जिल्ह्यात राहते. पण इथे कुणी न हलताही "तुम्ही कुठले?" हा प्रश्न हलत राहतो, आणि एवढ्या धाग्यावर मला तिच्याकडून रंगाची कल्पना उचलावीशी वाटली.

रंग म्हणजे माती. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला, खानापूरकडे, जांभ्याची तांबडी माती आहे, आणि पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडे गेले की काळी लागते. माझे माहेर तांबड्या मातीतले आणि सासर काळ्या मातीतले. ज्येष्ठ अमावास्येला सासरच्या शेजारणी मण्णेत्तिन अमावास्या करतात, म्हणजे काळ्या मातीचे बैल घडवून पुजतात. नवी सून असताना मला पहिल्यांदा त्यांच्यात ओढून बसवले गेले ते याच कामाला. माझ्या बैलाची शिंगे वाळताना गळून पडली होती आणि त्यावर सगळ्याजणी कन्नडात खूप हसल्या होत्या. शब्द कळले नव्हते, हसणे कळले होते.

दोन्हीकडची माती आणून मी ती कुटली, पाण्यात ढवळली, वरचे गढूळ पाणी मलमलीतून दुसऱ्या भांड्यात गाळले, निथळू दिले आणि तळाशी बसलेला लगदा वाळवून बाभळीच्या डिंकात खलला. तांबडी माती शहाण्यासारखी वागली. ओली असताना ती विटेसारखी दिसे, वाळल्यावर जरा फिकी पडे, पण कागदाला धरून राही. काळीने मात्र मला जेरीस आणले. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, हे शेतातल्या भेगांवरून ठाऊक होतेच, तरी कागदावरही ती तितक्याच निष्ठेने भेगाळेल असे वाटले नव्हते. पातळ थर दिला तर मळकट दिसे, जाड दिला तर दुसऱ्या सकाळी त्याचे तुकडे उचलून येत. तीन कागद वाया गेले. चौथ्यावर मी भांडण सोडले आणि भेगा पडू दिल्या. चित्रातल्या बाईच्या अंबाड्याच्या जागी आता उन्हाळ्यातल्या रानाचा तुकडा दिसतो.

या बाईला नाक-डोळे नाहीत. चेहऱ्याच्या जागी मी परसाच्या भिंतीची ओल घेतली आहे. ओल धरलेल्या भिंतींकडे टक लावून पाहा, त्यांत डोंगर, लढाया, चेहरे दिसू लागतील, असे लिओनार्दोने चित्रकारांना सांगून ठेवले आहे आणि जर्मन चित्रकार मॅक्स अर्न्स्टने 1925 मध्ये लाकडी जमिनीवर कागद ठेवून त्यावर शिसे घासत उमटलेल्या रेषांमधून अरण्ये आणि पाखरे काढली. आमच्या आजोळच्या जांभ्याच्या भिंतीला दोघांचेही काही सांगावे लागत नाही. आषाढ संपेपर्यंत तिच्यावर हिरवे, काळे, राखी असे इतके काही उगवते की पाहणाराच दमतो. मी कागद भिंतीला लावून कोळशाने घासला. दगडातली भोके पांढरी राहिली, कडा काळ्या उमटल्या. चेहरा म्हणावा असे त्यात काही नव्हते आणि मी तो शोधलाही नाही.

अडले ते तोंडापाशी. आज्जीचे ते दोन शब्द कसे दाखवायचे ते सुचेना. कन्नड अक्षरे लिहून पाहिली, ती दुकानाच्या पाटीसारखी दिसू लागली. शेवटी एके दिवशी आईला मी स्वप्न सांगितले आणि आज्जीला कन्नड येत नसूनही ती कन्नड कशी बोलली, याचे नवलही बोलून दाखवले. आई शेंगा सोलत होती. तिने मानही वर केली नाही. "येत नव्हतं कोण म्हणालं तुला? बाजारात गाडगी घेताना काय मराठीत घासाघीस करत होती काय? घरात बोलायची नाही, एवढंच." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला तापात घेऊन बसायची तेव्हा कन्नडातच काहीतरी पुटपुटायची. तिच्या आईकडचं होतं म्हणे."

मी कधीतरी हे ऐकलेले असणार. झोपेत असलेल्या लहान मुलाने ऐकावे तसे ऐकलेले असणार. नाहीतर स्वप्नाला ते कुठून मिळाले, हे मला सांगता येत नाही.

तोंडाच्या जागी मी तेरडा काढला, उलटा. मुळे वर आणि फुले खाली, अशा रीतीने की तांबूस गुलाबी मुळे ओठांच्या जागेतून बाहेर येऊन भिंतीच्या ओलीत शिरतील. मुळांसाठी दोन्ही माती एकत्र केल्या तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट घडली. तांबडीने काळीला धरून ठेवले आणि तेवढ्या भागात एकही भेग पडली नाही. रंग मात्र सुंदर वगैरे आला नाही, चहाच्या गाळासारखा आला.

श्रावणात त्या कागदाला खालच्या कोपऱ्यात बुरशी धरली. खानापूरकडच्या पावसात कागद ठेवणाऱ्याने दुसरी अपेक्षा करू नये. मी पुसायला फडके घेतले होते, पण ती नेमकी परसातल्या पाण्याच्या जागी, दोन्ही दिशांना पसरत चालली होती, म्हणून फडके बाजूला ठेवले आणि कागद चुलीवरच्या फळीवर सरकवून दिला. सध्या चित्र तिथेच आहे. अंबाड्यातले काळ्या मातीचे कण अधूनमधून खाली पडतात आणि आई ते केराबरोबर लोटून टाकते.