वाचनालयातली लाल चोपडी

2023 च्या दिवाळी पाडव्याला वहीपूजनासाठी नेहमीच्या दोन चोपड्यांबरोबर मी तिसरी एक लाल चोपडी आणली. पहिल्या दोन आंब्याच्या बागेच्या आणि घरखर्चाच्या, तिसरी शेअर बाजारातल्या माझ्या अल्प मुदतीच्या सौद्यांची. ही तिसरी मात्र घरच्या कपाटात न ठेवता मी देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवली. ज्याला वाटेल त्याने उघडावी आणि वाचावी.

त्याआधी तीन वर्षे मी सौद्यांची नोंद स्वतःपुरती ठेवत होतो आणि ती डायरी सर्रास खोटे बोलत असे. आठ दिवसांसाठी घेतलेला शेअर पडला की महिन्याभराने तो डायरीत ‘दीर्घ मुदतीची गुंतवणूक’ या मथळ्याखाली सापडे आणि तोट्याचा रकाना स्वच्छ राही. कोणी विचारणारे नव्हते, त्यामुळे मीही स्वतःला विचारत नव्हतो.

माझी पद्धत साधी आहे आणि ती चोपडीच्या पहिल्याच पानावर शाईने लिहिली आहे. एखाद्या शेअरचा बंद भाव मागच्या 20 सत्रांच्या (बाजार चालू असलेल्या दिवसांच्या) उच्चांकाच्या वर गेला आणि त्या दिवशीची उलाढाल सरासरीच्या निदान दीडपट असली, तर दुसऱ्या दिवशी खरेदी. खरेदी भावापासून दोन एटीआर (एटीआर म्हणजे शेअरच्या भावाचा दिवसाचा सरासरी चढउतार) खाली स्टॉप लॉस, म्हणजे तोटा आवरण्यासाठी विकून टाकण्याचा भाव. बंद भाव मागच्या 10 सत्रांच्या नीचांकाखाली गेला की विक्री. एका वेळी चारच शेअर. भांडवल 3 लाख आणि एका सौद्यात जोखीम त्याच्या एक टक्का, म्हणजे 3,000 रुपये. उदाहरणार्थ, शेअर 412 रुपयांना घेतला आणि एटीआर 9 असला, तर स्टॉप लॉस 394 वर येतो. 3,000 भागिले 18 म्हणजे 166 शेअर आणि गुंतणारी रक्कम 68,392 रुपये. सगळे निर्णय रात्री होतात आणि स्टॉप लॉसची जीटीटी ऑर्डर, म्हणजे भाव तिथे आला की आपोआप विक्रीला जाणारी ऑर्डर, आधीच लावलेली असते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि रेंज दोन्ही एकदमच जातात, तेव्हा दिवसभर भाव बघत बसण्याची पद्धत इथे चाललीही नसती.

खर्चाचा रकाना मी बागायतदाराच्या सवयीने आखला. वाशीच्या घाऊक बाजारातून आंब्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) येते तेव्हा आपण पेटीचा भाव बघत नाही, भाडे आणि हमाली वजा जाता हातात काय उरले ते बघतो. ब्रोकरकडून येणारी सौद्याची पावती, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोटही तशीच वाचावी लागते. डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवण्याच्या सौद्यात खरेदी आणि विक्री या दोन्ही बाजूंना 0.1 टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), खरेदीवर 0.015 टक्के मुद्रांक शुल्क, शिवाय विक्रीच्या वेळी डीमॅट खात्याचे शुल्क. वरच्या उदाहरणातला शेअर स्टॉप लॉसला विकला गेला तर भावातला तोटा 2,988 रुपयांचा, पण चोपडीत सुमारे दीडशे रुपये जास्तच लिहावे लागतात. छोट्या सौद्यांच्या पुष्कळशा फुशारक्या या दीडशे रुपयांतच बुडतात, असे माझे मत आहे.

शेवटचा रकाना ‘नियम पाळला की मोडला’ असा आहे आणि चोपडी उघड्यावर ठेवण्याचे खरे कारण तोच. 4 जून 2024 रोजी, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, माझे चारही सौदे चालू होते. आदल्या दिवशी 23,264 वर बंद झालेला निफ्टी, म्हणजे मोठ्या 50 कंपन्यांचा निर्देशांक, त्या दिवशी 21,884 वर बंद झाला. तीन शेअर स्टॉप लॉसला विकले गेले. चौथ्याची जीटीटी मी सकाळीच हाताने काढून टाकली, कारण हा शेअर मला ‘चांगला’ वाटत होता. 7 जूनला निफ्टी 23,290 वर पोहोचला, माझा शेअर खरेदी भावाच्या वर आला आणि पुढे तो मी 6,200 रुपये नफ्याने विकला. चोपडीत ‘मोडला’ असे प्रामाणिकपणे लिहिले खरे, पण अक्षर जरा ऐटदार आले असावे. दोन दिवसांनी वाचनालयात गेलो तर त्या नोंदीशेजारी एका निवृत्त गुरुजींनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते, “हा नफा तोट्याच्या रकान्यात लिहावा.”

मला तेव्हा राग आला. ऑक्टोबरमध्ये बाजार उतरू लागला तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला. 604 ला घेतलेल्या 115 शेअरांचा स्टॉप लॉस 578 वर होता. जूनची आठवण ताजी असल्याने तो मी पुन्हा काढला, ‘तीन दिवसांत वर येईल’ म्हणून थांबलो आणि अखेर 511 ला विकून मोकळा झालो. 2,990 च्या जागी 10,695 रुपये गेले. ती नोंद करायला मी सलग चार दिवस वाचनालयात गेलोच नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. उघडी चोपडी माणसाला खरे बोलायला लावते तशी तोंड लपवायलाही लावते.

दुसरा त्रास मी धरून चाललो नव्हतो. लोक चोपडी वाचून शेअर घेऊ लागले. “माका इतक्याच सांग, आता खयचो घेव?” असे शेजारचे बागायतदार विचारू लागले तेव्हा मी घाबरलो. सेबी या बाजार नियामक संस्थेकडे नोंदणी नसताना मोबदला घेऊन सल्ला देणे बेकायदा आहेच, आणि जानेवारी 2025 च्या परिपत्रकात तर केवळ शिक्षण देणाऱ्यांनीही मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून शेअरबद्दल बोलू नये असे सेबीने म्हटले आहे. मी कोणाचा शिक्षक नाही. तरीही तेव्हापासून शेअरच्या नावाची आणि भावाची जागा कोरी सोडतो आणि सौदा मिटल्यावर तीन महिन्यांनी ती भरतो. जोखीम, नफा-तोटा आणि नियमाचा रकाना मात्र त्याच दिवशी. वाचणारे निम्म्याने कमी झाले. गुरुजी येतात.

मार्च 2025 अखेरची बेरीज अशी: 71 सौदे, त्यांत 29 नफ्याचे आणि 42 तोट्याचे. नफ्याच्या सौद्यांची सरासरी 5,350 रुपये, तोट्याच्यांची 2,850 रुपये. खर्च वजा जाता आणि कर भरण्यापूर्वी शिल्लक 35,450. अल्प मुदतीच्या नफ्यावरच्या कराचा दर 23 जुलै 2024 पासून 15 वरून 20 टक्के झाला, त्यामुळे हातात आणखी कमी. नियम मोडलेल्या नऊ सौद्यांनी मिळून, जूनचा तो नफा धरूनसुद्धा, 21,600 रुपये घालवले. ते बाजूला काढले तर उरलेल्या 62 सौद्यांची शिल्लक 57,050, म्हणजे भांडवलाच्या 19 टक्के. हे वाचून खूश व्हायच्या आधी शेजारचा आकडाही लिहून ठेवला आहे: त्याच काळात निफ्टी साधारण 19,440 वरून 23,520 वर गेला, म्हणजे काहीही न करता 21 टक्के. सगळे नियम पाळूनही मी निर्देशांकाच्या मागेच राहिलो असतो, आणि सोळा-सतरा महिन्यांच्या नोंदी पद्धतीबद्दल निकाल द्यायला पुरेशा नाहीत. माझ्याबद्दल निकाल द्यायला मात्र त्या पुरल्या.

म्हणून या बेरजेनंतर पहिल्या पानावर एका नियमाची भर घातली. जीटीटी काढायची असेल तर आधी वाचनालयात जाऊन चोपडीत कारण लिहायचे आणि मगच ती काढायची. वाचनालय दुपारी चारला उघडते, बाजार साडेतीनला बंद होतो.