तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रावरचा मैल केवढा?

मी जहाजावर होतो हे कळलं की लोक आधी वादळांबद्दल विचारतात आणि मग हे: "सागरी मैल नक्की किती मीटरचा हो? जमिनीवरच्यापेक्षा मोठा का?"

उत्तर सरळ आहे, १८५२ मीटर. पण चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) काम करताना हा आकडा मला क्वचितच लागला. चार्टच्या डाव्या-उजव्या कडेला अक्षांशांची पट्टी असते. तिच्यावरचं एक मिनिट (कोनाचं, घड्याळाचं नव्हे, अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक मैल. दोन ठिकाणांवर डिव्हायडरची (कंपासपेटीतल्या दोन टोकांच्या साधनाची) टोकं टेकवायची, तो तसाच उचलून कडेला न्यायचा आणि मोजायचं. शिकाऊ असताना एकदा साठ अंश उत्तरेला मी आळसाने खालच्या रेखांशांच्या पट्टीवर मोजलं. वीस मैलांचे चाळीस झाले! तिथे रेखांशाचं मिनिट अक्षांशाच्या मिनिटाच्या निम्मं असतं. वरिष्ठांनी काही न बोलता डिव्हायडर माझ्या हातातून घेतला आणि कडेच्या पट्टीवर ठेवला.

गोची अशी की अक्षांशाचं मिनिटही सगळीकडे सारखं नाही. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी, तिथलं वळण मंद, म्हणून तेवढाच कोन ओलांडायला जास्त अंतर कापावं लागतं. विषुववृत्तावर एक मिनिट सुमारे १८४३ मीटर, ध्रुवापाशी जवळपास १८६२. मग मैल कुठला धरायचा? ब्रिटिशांनी ६०८० फूट धरला, म्हणजे १८५३.१८ मीटर, तो साधारण अठ्ठेचाळीस अंशांवर, इंग्लिश खाडीच्या तोंडाशी, जुळतो. आपल्या अंगणातलं माप जगाला लावलं, झालं. अमेरिकेचा मैल त्याहून जेमतेम सहा सेंटिमीटर मोठा. शेवटी १९२९ साली मोनॅकोतल्या परिषदेत १८५२ मीटर ठरला. तरी अमेरिकेने तो १९५४ मध्ये घेतला आणि ब्रिटनने १९७० मध्ये.

नॉट म्हणजे जहाजाचा वेग, तासाला एक सागरी मैल. त्याची गोष्ट मला जास्त आवडते. दोरीला लाकडी फळी बांधून ती मागे पाण्यात सोडायची, दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात जितक्या गाठी हातातून सुटतील तितके नॉट. गाठींमधलं अंतर ४७ फूट ३ इंच. हिशोब करून पाहा: २८ सेकंदांत इतकं, तर तासात सुमारे ६०७५ फूट, म्हणजे मैलाच्या अगदी जवळ. ओल्या दोरीच्या मानाने फारच चोख. (आणि कृपा करून "ताशी पंधरा नॉट" म्हणू नका, तास नॉटमध्येच आला.)

आता जीपीएस आहे म्हणून हा घोळ मिटला असं वाटेल. तो पृथ्वीचा चपटेपणा धरून अंतर काढतो आणि १८५२ च्या मैलांत सांगतो. दहा अंशांच्या आसपास सरळ दक्षिणेला कडेच्या पट्टीवर शंभर मैल मोजा, यंत्र साडेनव्याण्णव दाखवेल. तेव्हा नवा पोरगा विचारतो, "सर, चुकलं कोण?" मी त्याला कडेची पट्टी दाखवायचो आणि कॉफी आणायला जायचो.