तुम्ही विचारलंत म्हणून: पर्सीच का?

शनिवारी संध्याकाळी आमच्या भागातल्या वाचनालयात मी मुलांना पुस्तकं वाचून दाखवतो. मुलं विचारतात, त्यांना न्यायला आलेले पालक विचारतात, बायको तर चारचौघांत मुद्दाम विचारते: हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांत तुम्हाला आवडला कोण, तर पर्सी वीझली? दुसरं कुणी मिळालं नाही?

दर वेळी मी काहीतरी थट्टेवारी नेतो. गेल्या शनिवारी आठवीतला एक मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही पण घरी तसेच आहात का?" सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन जेवायला बसलो तर घास उतरेना. म्हणून एकदाच लिहून टाकतो, पुन्हा विचारू नका.

पर्सी म्हणजे हॅरीचा मित्र रॉन याचा थोरला भाऊ; वीझलींच्या घरात बिल, चार्ली, पर्सी, मग फ्रेड आणि जॉर्ज हे जुळे, रॉन आणि धाकटी जिनी. ज्यांनी फक्त सिनेमे पाहिलेत त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांत चार्ली एका फोटोपुरता आहे, बिल थेट सातव्या भागात उगवतो आणि स्वतःच आपली ओळख करून देतो, आणि पर्सीचं घर सोडणं जवळजवळ कापूनच टाकलंय. पण पुस्तकांतही थोरल्यांची तीच गत. पहिल्या पुस्तकात आगगाडीत रॉन हॅरीला आपलं गाऱ्हाणं सांगतो: बिलचे जुने झगे, चार्लीची जुनी छडी आणि पर्सीचा जुना उंदीर. म्हणजे थोरले भाऊ आधी वापरून टाकलेल्या वस्तूंच्या रूपात भेटतात. तिथे वाचणारं प्रत्येक पोर रॉनसाठी हळहळतं. मी थोरला. माझ्या मनात आलं, अरे, तो उंदीर इतकी वर्षं जगवला कुणी? (तो उंदीर पुढे रूप बदललेला विश्वासघातकी जादूगार निघतो, ते मला माहीत आहे. त्यात पर्सीचा काय दोष?)

बिल इजिप्तमध्ये, चार्ली रोमानियात ड्रॅगनांच्या मागे. लांबचा दादा सणाला येतो, लाड करतो, जातो. घरात राहून "आवाज कमी करा" म्हणणारा तिसरा, तो खडूस. आमच्या वाड्यातही हेच होतं.

दुसऱ्या पुस्तकातली एक ओळ कुणाच्या लक्षात नसते. जिनीला तळघरात ओढून नेलंय, रॉन, जुळे भाऊ आणि हॅरी सुन्न होऊन एका कोपऱ्यात बसलेत. पर्सी तिथे नाही. तो आईवडिलांना कळवायला टपालाचं घुबड पाठवून आलाय आणि मग आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसलाय. बस, एवढंच. ज्याने कधी घरी वाईट बातमीचा फोन केलाय त्याला विचारा त्या बंद दाराबद्दल. चौथ्या पुस्तकात रॉन तळ्यातून वर येतो तेव्हाही हाच शिष्ट माणूस पांढराफटक पडून पाण्यात धावत जातो आणि धाकट्याला ओढत काठावर आणतो. त्या क्षणी तो एकदम लहान दिसतो, असं लेखिकेने लिहिलंय. तुम्ही वाचलं होतंत का नीट?

हे झालं वकिलाचं भाषण. पूर्वी मी इथेच थांबायचो आणि वर एक मुद्दा टाकायचो: पाचव्या पुस्तकात पर्सीचं वडिलांशी जे भांडण होतं, ते आपण पाहतच नाही. सगळं रॉन आणि जुळ्यांच्या तोंडून हॅरीच्या कानावर येतं. आरोपीची बाजू कुठे आहे? मुद्दा चांगला आहे, अजूनही मला पटतो. पण त्यातच एक जागा आहे, तिथे मी दर वेळी आवंढा गिळून पान उलटतो. पर्सी वडिलांना म्हणालेला असतो, तुम्हाला महत्त्वाकांक्षाच नाही, म्हणूनच आपण नेहमी... आणि पुढचा शब्द सांगताना रॉन अडखळतो. "गरीब" म्हणवत नाही त्याला. फारसे पैसे नव्हते, असं काहीतरी म्हणतो.

मी अडखळलो नव्हतो.

आमचे अण्णा सांगलीत एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवण्यात आयुष्य गेलं. कॉम्प्युटर आले, ऑफसेट आलं, १९९९ मध्ये मालकाने टाळं लावलं आणि अण्णांची देणी बुडवली. मी तेव्हा नुकताच पुण्यात बँकेत लागलो होतो. कामगार न्यायालयात जा म्हणून मी पाच-सहा महिने त्यांच्या मागे लागलो. अण्णांचं एकच: "अडीनडीला त्यांनी उचल दिली होती रे." एका रविवारी पानावर बसलेलो असताना मी म्हणालो, "तुम्हाला आयुष्यात कधी काही हवंच नव्हतं. म्हणून आम्ही भिकाऱ्यासारखे वाढलो." आई वाढता वाढता थांबली. अण्णांनी ताटाभोवतीचं पाणी बोटाने पुसलं आणि जेवत राहिले. धाकटा तेव्हा एकोणीस वर्षांचा. तो उठून बाहेर गेला.

मी त्याच रात्रीची एसटी पकडली. नंतर कित्येक वर्षं घरी गेलो नाही. पैसे पाठवत होतो, मनिऑर्डरीने. दोन परत आल्या, मग पाठवणं सोडलं.

२००० च्या दिवाळीत वाड्यातले एक काका कामासाठी पुण्याला आले, ते आईचा डबा घेऊन माझ्या खोलीवर आले. पत्र्याचा चौकोनी डबा, मांजरपाटात शिवलेला. शिवण आईची, वरचा पत्ता अण्णांच्या अक्षरात. कंपोझिटरचं अक्षर, सगळी वळणं एका उंचीची, जणू खिळेच मांडलेत. कापडातून भाजणीचा वास येत होता आणि एका कोपऱ्यावर तेलाचा डाग पसरला होता, रुपयाएवढा. त्या डागाकडे मी किती वेळ पाहत होतो कुणास ठाऊक. काका चहा पीत होते. डबा टेबलावरून उचलला, त्यांच्या पिशवीत परत ठेवला. म्हणालो, "मला मेस आहे. खोलीत उंदीर फार आहेत, राहायचं नाही." काका म्हणाले, "अरे, निदान उघडून तरी बघ." मी नाही उघडला. त्यांनी विचारलं, "घरी काय सांगू?" मी म्हणालो, "काही नको."

चिठ्ठीसुद्धा दिली नाही.

उंदीर खरोखर होते, हे सांगून ठेवतो. पंचवीस-सव्वीस वय होतं. मनिऑर्डर परत आल्याचा राग होता. अण्णांचं अक्षर पाहून वाटलं, पत्ता लिहिता येतो, मग दोन ओळी लिहायला काय झालं होतं? ही सगळी कारणं मी इतकी वर्षं घासूनपुसून ठेवली आहेत. एकही फेकवत नाही आणि एकही पुरत नाही.

पाचवं पुस्तक आलं २००३ मध्ये. मी वाचलं पुढच्या पावसाळ्यात, खोलीतल्या मित्राची प्रत. पर्सीची आई दर नाताळला स्वेटर विणते, हे तोवर ठाऊक झालेलं असतं. तर पर्सी तो स्वेटर परत पाठवतो. चिठ्ठीशिवाय. आई रडते, आणि जुळे तिची समजूत काढतात ती पर्सीला शिव्या घालून. मी पुस्तक मिटलं आणि मित्राला सांगितलं, कंटाळवाणं आहे. महिनाभराने पुन्हा मागून घेतलं. मला वाटतं, ज्याला तुम्ही "आवड" म्हणता ती तिथे सुरू झाली. आवड हा शब्दच चुकीचा आहे. चोराला चोर ओळखतो म्हणा.

घरी गेलो तो २००५ च्या पुरानंतर. कृष्णेचं पाणी ओसरल्यावर तीन दिवसांनी. अंगणात घोट्याएवढा चिखल, धाकटा फावड्याने तो ओढत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेला खराटा पुढे केला. अण्णा म्हणाले, "बूट काढून ठेव वर." झालं. त्यानंतर आम्ही सगळे बोलतो; गॅसचा नंबर, अण्णांच्या गोळ्या, पुतणीची फी.

आणि २००७ मध्ये सातव्या पुस्तकात हा पर्सी भुयारातून येऊन सगळ्यांसमोर ओरडतो, मी मूर्ख होतो म्हणून! फ्रेड त्याला आणखी चार विशेषणं लावतो, हा म्हणतो, होय, तसाच होतो, आणि फ्रेड हात पुढे करतो. मला त्याचा हेवा वाटला. एक पानसुद्धा लागत नाही त्याला. मग लढाईत तो एक विनोद करतो, फ्रेड खुशीत येऊन म्हणतो, पर्सी, तू चक्क विनोद केलास, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत भिंत कोसळते. फ्रेड मरतो. पर्सी त्या प्रेताला सोडत नाही. हे लेखिकेने बरं केलं की वाईट, यावर मी मुलांशी तासभर वाद घालू शकतो. घालतोही.

आता खरी गोष्ट. चार वर्षांपूर्वी धाकट्याबरोबर सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर उभा होतो. तो सहज म्हणाला, "दादा, तुझा तो डबा आम्ही इथे खाल्ला होता." मला कळेना. म्हणाला, काकांना स्टँडवर आणायला तोच गेला होता. त्यांनी ओशाळून डबा त्याच्या हातात दिला. तो घरी गेलाच नाही. पुलावर मित्रांना बोलावलं, शिवण उसवली, सगळं संपवलं, आणि रिकामा डबा घरी नेऊन आईला सांगितलं, दादाने फराळ ठेवून घेतला, चकल्या छान झाल्यात म्हणाला.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तू विचारलंस कधी?"

म्हणजे आमच्या घरी त्या वर्षी कुणी रडलं नाही. ते माझ्यामुळे नाही. आणि बाजूच्या पात्रांबद्दल मी शनिवारी जी भाषणं देतो, ती कुणाच्या वतीने देतो, याचा मला आता नीट पत्ता लागत नाही. पर्सीची वकिली सोडलेली नाही, एवढं मात्र लिहून घ्या.

आई अठ्ठ्याहत्तरची आहे. दर दिवाळीत सोऱ्या हातात घेतला की तिला ते वर्ष आठवतं. "मोहन जास्त पडलं होतं रे, चकल्या तेलात विरत होत्या. तरी तू छान झाल्यात म्हणून कळवलंस." धाकटा तिथेच पेपर वाचत असतो. तो मान वर करत नाही. मी म्हणतो, "छानच झाल्या होत्या."