प्रार्थनेची भाषा आणि आमचा तरुण संघ

गेली सात वर्षे मी आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ पाहते. आठवीपासून पी.यू.सी.पर्यंतची (म्हणजे बारावीपर्यंतची) पंधरा-सोळा मुले शनिवारी संध्याकाळी जमतात. निम्म्यांच्या घरी मराठी बोलतात, उरलेल्यांच्या घरी कन्नड, आणि शाळा बहुतेकांची इंग्रजी माध्यमाची. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झाले. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली प्रार्थनेची एक भारदस्त भाषा या मुलांनाही वारशाने मिळालेली आहे. ‘हे कृपाळू स्वर्गीय पित्या’ असा आरंभ करून ती न अडखळता तीन मिनिटे प्रार्थना करू शकतात, आणि त्या तीन मिनिटांत स्वतःविषयी एक अक्षरही येत नाही.

हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. पहिली काही वर्षे मी गीतस्पर्धा, वचनपाठांतर आणि शिबिरे यांतच रमले होते. पाठांतरात दरवर्षी पहिला येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांचे काम सुटले होते आणि त्या घरात रात्री चूल पेटेल याची खात्री नव्हती. ही गोष्ट मला वर्षभरानंतर त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळली. वर्षभर दर शनिवारी तो माझ्यासमोर बसत होता. त्या दिवसापासून स्पर्धा बंद केल्या.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे. मुलांकडून ही अपेक्षा करण्याआधी मोठ्यांनी तसे करायला हवे, असे मला वाटते. म्हणून सुरुवात मी स्वतःपासून केली आणि सख्ख्या बहिणीशी दोन वर्षे धरलेल्या अबोल्याविषयी मुलांपुढे बोलले. बैठकीत नेहमी दोन मोठी माणसे असतात. तेथे बोललेले बाहेर जात नाही. मात्र एखाद्या मुलाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल, तर ते पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आणि त्याच्या विश्वासातल्या मोठ्या माणसांना सांगावेच लागेल, हेही मुलांना आधीच स्पष्ट सांगितलेले आहे.

त्याच सुमारास प्रार्थना घरच्या भाषेत करायची मोकळीक दिली. काही ज्येष्ठांना ते रुचले नाही, आणि त्यांची काळजी मी समजू शकते. मराठी गीते आणि मराठी पवित्र शास्त्र मुलांच्या हातून निसटू नये, असे मलाही मनापासून वाटते. पण ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणली ती लोकांच्या जिभेवरची भाषा ओळखूनच, आणि १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समूह उभा केला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. आमच्या दारात तर आमचीच मुले होती.

एका पावसाळी शनिवारी दहावीतली एक मुलगी बराच वेळ गप्प बसली. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत ती शेवटी एवढेच म्हणाली, “देवरे, ननग अंजिकी बरतैती.” देवा, मला भीती वाटते. एवढ्यावरच तिची प्रार्थना संपली. गणिताच्या भीतीने ती महिनाभर नीट झोपली नव्हती, हे नंतर कळले. तिच्या शेजारी बसलेल्या मराठी घरातल्या मुलाने तिचे वाक्य मराठीत पुन्हा उच्चारले आणि पुढची प्रार्थना त्याने केली.

आता महिन्यातून एकदा आम्ही कोणाच्या तरी घरी जेवतो, कारण प्रेषितांच्या काळातली मंडळीही घरोघरी भाकर मोडत असे. एका मुलाने आपली पाळी तीनदा टाळली. एका खोलीत सगळी मावणार नाहीत, असे तो म्हणत राहिला. चौथ्या वेळी मुले दोन पंगतींत बसली, आणि त्याच्या आईने केलेल्या भाकरी व झुणका खाऊन दाराबाहेरच्या कट्ट्यावर रात्री नऊपर्यंत गात राहिली.

एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे दहावीच्या, गणिताच्या पेपराच्या सकाळी मी त्या मुलीला भेटायला परीक्षा केंद्रावर गेले, तेव्हा संघातली चार मुले माझ्याआधीच फाटकाशी तिच्याभोवती उभी होती. तसे करायला मी कोणालाही सांगितले नव्हते.